शेवटपर्यंत न वाजलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे. वायरिंगमुळे नव्हे, माणसांमुळे.

कुठल्या कारखान्यात बनलो ते मला आठवत नाही. समज आली ती नाशिकला, सिडकोत, सुलाबाईंच्या घरी. बाई कॉलनीतल्या मुलींना गाणं शिकवत. एकदा मुली घरी गेल्यावर त्यांनी माझं लाल बटण दाबलं आणि त्या बागेश्री गायल्या. समोर श्रोते दोनच, मी आणि त्यांची चार वर्षांची मनाली. ते गाणं मी कॅसेटवर उतरवून घेतलं. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. पुढे मोबाइल आले, मी माळ्यावर गेलो आणि बारा वर्षं धूळ खात पडलो.

गेल्या वर्षी सुलाबाई वारल्या. माळा आवरताना मनालीला मी सापडलो, आत ती कॅसेट तशीच होती. आईचा गातानाचा आवाज तिच्याकडे दुसरीकडे कुठेच नव्हता. एकटीने ऐकायचा धीर होईना, म्हणून ती मला कॉलनीतल्या श्रवण मंडळात घेऊन गेली. तिथे दर रविवारी सकाळी कुणीतरी आपलं आवडतं ध्वनिमुद्रण आणतं, सगळे ते ऐकतात आणि मग मतं मांडतात. निदान ठरलं तरी तसं आहे. प्रत्यक्षात ऐकणं पाच मिनिटं आणि मतं पाऊण तास.

"सकाळी सकाळी बागेश्री? हा तर रात्रीचा राग!" मंडळाचे प्रमुख किशोरराव पहिल्याच आलापाला म्हणाले.

"मग रात्री येता का तुम्ही?" भिकाअण्णांनी विचारलं. हे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर.

तेवढ्यात एक तान आली.

"थांबवा. बाईंनी चढताना पंचम लावला. बागेश्रीत चालत नाही तो," किशोरराव म्हणाले.

"नाही लावला. मागे घ्या," भिकाअण्णा म्हणाले.

मागे घेतलं. ऐकलं. पुन्हा मागे घेतलं. दहा वाजले तशी सगळी मंडळी मिसळ खायला उठली. पुढच्या रविवारी तीच तान, तोच पंचम. असे चार रविवार गेले. "काका, पुढे तर जाऊ द्या," मनाली दर वेळी म्हणायची आणि किशोरराव दर वेळी म्हणायचे, "एवढं मिटू दे गं." शेवटी काय आहे ते मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

अहो, कॅसेटची टेप म्हणजे काही दोरखंड नव्हे. पाचव्या रविवारी ती त्याच जागी चुरगळली आणि तुटली.

"मशीनने खाल्ली," किशोरराव म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला इतका संताप आला की काय सांगू.

मनालीने बाहेर लोंबणारी टेप ओंजळीत धरली, ते मला जास्त लागलं. भिकाअण्णांनी चुरगळलेला बोटभर तुकडा कापून काढला आणि टोकं चिकटपट्टीने जोडली. त्या तुकड्यात तो पंचम होता किंवा नव्हता. आता कुणालाच कळणार नाही.

"माझंच बरोबर होतं," किशोरराव पुटपुटले.

"काका, माझी आई गातीये," मनाली म्हणाली. "मतं नंतर."

मी चालू झालो. जोडाशी आवाज जरा अडखळला, पण गाणं पुढे गेलं. दहा वाजून गेले तरी कुणी उठलं नाही. बागेश्री संपली, तंबोरा थांबला. किशोररावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्यातून सुलाबाईंचा साधा, बोलतानाचा आवाज आला.

"मनू, झोपलीस होय? असू दे. मोठी झालीस की ऐकशील सगळं."

मग माझं बटण आपोआप वर आलं. मनाली माझ्यावर हात ठेवून बसून राहिली. "ऐकलं गं," ती हळूच म्हणाली. त्या दिवशी मंडळात कुणीच मत मांडलं नाही.

मित्रांनो, मतं जरूर असावीत. पण आधी गाणाऱ्याचं गाणं संपू द्या. कापून टाकलेली ती बोटभर सुलाबाई मला आता कुठून मिळायची?