तिसरा पुकारा

१९६८ सालच्या भाद्रपदात आमच्या तालुक्याचं कोर्ट माझ्या दिराच्या घराकडे सरकू लागलं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यानं बांधलेल्या दोन खोल्यांत मी एकटी राहत होते. शहाबादी फरशी त्यानं स्वतः बसवली होती. टोपी अडकवायचा त्याचा खिळा अजून भिंतीत होता. ते घर आपलं आहे, असा दावा दिरानं, माणिकभाऊजींनी, लावला होता. माहेरी कुणी उरलं नव्हतं. ते घर गेलं असतं तर मला रस्ताच होता.

पहिल्या तारखेला कोर्ट गुरांच्या दवाखान्यासमोर होतं, नेहमीच्या जागी. माझ्या दारापासून चारशे बारा पावलं. एकटी बाई रस्त्यानं खाली बघून चालते आणि खाली बघितलं की पावलंच दिसतात, म्हणून मोजली. दुसऱ्या तारखेला ते पोस्टाशेजारी होतं, नऊशे पावलांवर. तिसऱ्या तारखेला कापसाच्या जिनिंगपाशी. भाऊजी जिनिंगच्या मागंच राहत.

"कोर्ट हलत नसतं, द्वारकाबाई," माझे वकील तुळपुळे म्हणाले.

"मग मला दर वेळी लांब का पडतं?"

"वय होतंय तुमचं."

तेही धापा टाकत होते.

चौथ्या तारखेला कोर्ट भाऊजींच्या ओसरीला येऊन टेकलं. खिडकीला माझ्या जावेच्या, कलावतीच्या, जुन्या लुगड्याचा पडदा होता. मधल्या सुट्टीत न्यायाधीश साहेबांनी डबा उघडला. लिंबाच्या लोणच्यात बडीशेप होती. अख्ख्या तालुक्यात लिंबाच्या लोणच्यात बडीशेप घालणारी बाई एकच. साहेबांनी फोड चोखली, माझ्याकडे बघितलं आणि पुढची तारीख दिली.

मी तुळपुळ्यांना म्हटलं, "दावा दुसऱ्या कोर्टात न्या."

"कारण काय लिहू? बडीशेप?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. कोणत्या कोर्टात न्यायचा, ती जागा मात्र त्यांनी कोरी सोडली. ते जिल्ह्याचे साहेब ठरवतात, म्हणाले. मला कोऱ्या जागेचा भरवसा वाटेना. ती भाऊजींनी भरली तर? तुळपुळे पान लावत होते तेवढ्यात मी त्यांचा टाक उचलला आणि माझ्या अक्षरात लिहिलं, "माझ्या घराजवळ."

जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"न्यायाधीशांबद्दल तक्रार आहे?"

"नाही. साहेब सज्जन आहेत. कोर्ट भाऊजींच्या ओसरीत आहे, एवढंच."

साहेबांनी भाऊजींना विचारलं, "तुमचं म्हणणं?"

"साहेब माझ्या घरी कधी आलेले नाहीत," भाऊजी म्हणाले. "मीच त्यांच्या कोर्टात झोपतो."

मोठ्या साहेबांना हे पटलं नाही. अर्ज मंजूर झाला.

एसटीतून उतरून घरी आले तर माझ्या दारावर कोर्टाची पाटी होती. बाहेरच्या खोलीत टेबल, साक्षीदाराचा पिंजरा आणि दोन बाकं. साहेब आमचेच, तालुक्याचे. त्यांचा काळा कोट माझ्या नवऱ्याच्या खिळ्याला लटकत होता. पट्टेवाले इब्राहीमभाई उंबऱ्यात उभे होते.

"पाय पुसून या, बाई. कोर्ट आहे."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी साहेबांना गवती चहा घालून चहा दिला. भाऊजी आले, बाकावर बसले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या नाकाशी नेला.

"वहिनी, पाण्यात काय घातलंय?"

"वाळा."

"साहेबांच्या पण?"

"माठ एकच आहे, भाऊजी."

भाऊजी ताडकन उठले. "ऐकलंत, साहेब? आता मी अर्ज करू?"

साहेबांनी चहा संपवला. मग हुकूम सांगितला. दावा आता कुठंही हलणार नाही. पण संशयाला जागा नको, म्हणून पुकारा होईपर्यंत प्रतिवादीनं स्वयंपाकघरात थांबावं, आणि स्वयंपाकघर कोर्टापासून पुरेशा अंतरावर असावं. तिसऱ्या पुकाऱ्याला प्रतिवादी हजर नसेल तर घर वादीचं.

"पुरेसं म्हणजे किती?" तुळपुळ्यांनी विचारलं.

"वादीचं समाधान होईल इतकं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन खोल्यांच्या मधे, जिथं नुसता उंबरा होता, तिथं अकरा पावलांचा बोळ झाला होता. फरशी तीच, शहाबादी, माझ्या नवऱ्याच्या हातची वाटावी अशी. भाऊजींनी बोळाच्या तोंडाशी उभं राहून हुंगलं.

"अजून वास येतोय."

पुढच्या तारखेला चाळीस पावलं झाली. मी चूल विझवली, माठ पालथा घातला. तरी भाऊजींना वास येतच होता. दिवाळीनंतर मला बाहेरची खोली दिसेनाशी झाली. पाठीमागं दार पाडावं म्हणून मी कुदळ मागितली, तर इब्राहीमभाई लांबून ओरडले, "बाई, दाव्यातल्या भिंतीला हात लावायचा नसतो!"

पहिला पुकारा झाला. मी पदर सावरला आणि निघाले.

तुळपुळे मुलाकडे पुण्याला गेले, असं नंतर समजलं. साहेबांची बदली झाली. कोट खिळ्यालाच राहिला, आणि जो नवा साहेब येतो तो तोच घालतो. हे मला जाऊबाईंनी सांगितलं. बोळाच्या कोर्टाकडच्या टोकाकडून त्या बरणी घेऊन निघाल्या होत्या. भेटलो तेव्हा दोघींचे केस पांढरे झाले होते आणि लोणचं मुरून काळं पडलं होतं. भिंतीला टेकून आम्ही एकेक फोड खाल्ली.

"हे गेले," त्या म्हणाल्या. "बाकावरच. नाकाला रुमाल लावून."

"मग दावा?"

"तो मुलांच्या नावावर चढला. पण समाधान यांचं व्हायचं होतं ना, द्वारका. ते राहूनच गेलं."

म्हणून बोळ अजून वाढतो. जाऊबाई आता स्वयंपाकघरात राहतात. दिवस उतरताना चुलीचा वास येतो, मला इतक्या लांबही येतो.

दुसरा पुकारा होऊन गेला. मी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि पावलं मोजणं सोडलेलं नाही. दार इथून काडेपेटीएवढं दिसतं. त्यात इब्राहीमभाई उभे आहेत. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आहे.