पाण्याची सुई

पौषातली सकाळ. वैनगंगेच्या पात्रावरून धुकं उठत होतं. दुधाळ, मंद, निद्राळू. धान कापून झालेल्या बांध्यांत तणशीचे ढीग सोनेरी झाले होते आणि त्यांच्यामध्ये जवसाची निळी फुलं, दंवभारानं वाकलेली, उन्हाची वाट पाहत थरथरत होती. हिमशीतल, नीलकांत, निःशब्द अशी ती सकाळ होती.

त्या सुंदर सकाळी सुकेशिनी गेडामच्या हाडांत काचा फुटत होत्या.

निरोगी रक्तातला कण वाटोळा असतो. मसुराच्या दाण्यासारखा घरंगळत तो कुठूनही निघून जातो. सुकेशिनीच्या रक्तातला कण थंडीत वाकतो, विळ्यासारखा होतो आणि अरुंद वाटेत अडकतो. त्याच्यामागे दुसरा अडकतो, दुसऱ्यामागे दहावा. मग जिथे रक्त पोचत नाही, तिथलं हाड आक्रंदू लागतं. सिकलसेल म्हणतात त्याला. जन्मासोबत आलेला, जन्मभर राहणारा.

चोवीस वर्षांत तिनं एकच कला साधली होती: दुखणं न दाखवण्याची. गावच्या अंगणवाडीत ती तीस लेकरांना शिकवायची. कळ आली की म्हणायची, डोळे मिटा रे, पाखरं ऐका. लेकरं डोळे मिटून पाखरं ऐकत आणि बाई टेबलाची कड धरून उभ्या राहत. डोळे उघडले की बाई हसत असत. लेकरांना वाटे, पाखरं ऐकण्याचा हा खेळच आहे.

त्या सकाळी शहरातल्या मोठ्या इस्पितळात, तातडीच्या विभागात, तसंच हसू ओठांवर धरून ती स्टुलावर बसली होती. बाप तानबाजी बाजूला उभा होता, पागोटं काखेत घेऊन. फिनेलचा उग्र दर्प, लोखंडी खाटांचा कुरकुराट, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्यांचे जुने, काळपट-तांबडे ओघळ.

तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि तिचं हसू पाहिलं. तिनं प्लॅस्टिकमध्ये जपलेलं सिकलसेलचं कार्ड पुढे केलं. कोणती सुई लागू पडते, किती लागते, तेही सांगितलं. अगदी अचूक, पाढा म्हणावा तसं.

तिथेच ती चुकली.

नाव पाठ आहे, प्रमाण पाठ आहे, म्हणजे सुईच्या नशेची चटक लागलेली आहे, असं डॉक्टर शेजारच्या शिकाऊ मुलांना समजावू लागले. कार्ड न वाचताच त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. ज्याला दुखतं तो असा बसत नाही, ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले.

"झाडीपट्टीची ना तू? नाटक तुमच्या रक्तातच. वडशाला जा, एखाद्या मंडळात नायिकेचं काम मिळेल."

हिवाळाभर गावोगाव नाटकं रंगवणारा तो मुलूख, आणि वडसा हे तिथल्या नाटक मंडळांचं गाव. शिकाऊ मुलं हसली. तानबाजीही हसला, साहेब हसले म्हणून.

"लहानपणापासून दुखते जी पोरीले," तो म्हणाला. "कोणाले सांगत नाही."

डॉक्टरांनी सिस्टरांच्या कानात काही सांगितलं. सिस्टर क्षणभर थबकल्या. मग ट्रेमधली एक इवली काचेची कुपी त्यांनी फोडली. स्फटिकशुभ्र, निर्मळ, निष्पाप पाणी. नुसतं पाणी. ते सुईत भरलं गेलं, दंडात टोचलं गेलं आणि दहा मिनिटांनी सिस्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "बरं वाटतंय का गं?"

हाडात काच तशीच होती. पण विचारणाऱ्याचा हात मऊ होता, बापाचे डोळे तिच्या तोंडाला लागले होते आणि कुणी मायेनं विचारलं तर बरं आहे म्हणावं, हे तिच्या घरात तिला चालण्याआधी शिकवलं होतं.

"बरं वाटते जी," सुकेशिनी म्हणाली.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. हलकीच, एकदाच. पाणी होतं, ते मुलांना म्हणाले, बघितलंत ना? आणि केसपेपरावर त्यांनी सुंदर, वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलं: तक्रार खोटी.

तानबाजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं वाकून, दोन्ही हात जोडून, त्या पाण्याबद्दल डॉक्टरांचे आभार मानले.

सुकेशिनीला इंग्रजी येत होतं.

बाहेर व्हरांड्यात ऊन होतं. कोवळं, केशरी, निरुपयोगी. त्या उन्हात ती बाकावर बसली आणि काच वर चढत राहिली. घोट्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत, कमरेतून छातीच्या पिंजऱ्यात. श्वास तुकड्यातुकड्यानं येऊ लागला. छातीत शिरलं तर जिवावर बेततं, हे तिला ठाऊक होतं. तिनं बाकाची कड घट्ट धरली.

फरशी पुसणारी कलावतीमावशी फडकं पिळता पिळता थांबली. तीस वर्षं हीच फरशी पुसणारी, डॉक्टर येताना-जाताना पाहणारी.

"चूप बसशील त मरशील, बाई," ती म्हणाली. "दोन वाजता हा जाते, दुसरी येते. तिच्या दारात लोळ. केस सोड. बोंबल. इथं बोंबलते त्यालेच सुई भेटते."

"मले नाही जमत, मावशी."

"मंग शिक," मावशी म्हणाली आणि पुढची फरशी पुसू लागली.

दोन वाजले. नव्या डॉक्टरीणबाई पर्स ठेवत होत्या, तोच दारात सुकेशिनी कोसळली. तिनं केस सोडले. ती लोळली. जो आवाज चोवीस वर्षं दातांआड होता, तो तिनं मुद्दाम, मोजून, मावशीनं सांगितला तसा काढला. अंगणवाडीतल्या हट्टी लेकरासारखे पाय आपटले. ओल्या फरशीवर गाल घासला. दुखणं खरं होतं, रडणं बसवलेलं.

बाई धावल्या. खाट आली, प्राणवायू आला, सलाईन आलं. बाईंनी कार्ड मागवलं आणि कपाच्या वर्तुळाखालून ते वाचलं. इतका वेळ कुठे होतात, त्या तानबाजीवर चिडल्या. आणि सुई आली. खरी सुई. सकाळी सुकेशिनीनं सांगितली होती तीच, तितकीच.

तानबाजी खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आयुष्यभर त्यानं रात्र रात्र जागून नाटकं पाहिली होती, नायिकेच्या रडण्यावर डोळे पुसले होते. आज त्यानं लेकीकडे पाहिलं नाही. तो खिडकीबाहेर पाहत राहिला, जणू आत कुणी उघडं पडलं होतं.

औषध हाडांत उतरलं. काचा विरघळल्या, एक एक, एक एक. देह हलका झाला, कापसासारखा. सुकेशिनीनं पदराचं टोक घेतलं आणि फरशीला लागलेला तो गाल पुसला. पुन्हा पुसला. उन्हं उतरली, खिडकीतला प्रकाश पिवळा झाला, मग राखाडी झाला. तरी ती पुसत होती, पुसत होती.

गाल केव्हाच स्वच्छ झाला होता.