पितांबरनानांच्या वाटेतला पाटा

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो, आणि माणसांविषयी माझे मत बरे नाही. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात चौदा वर्षे मी मिरची-लसूण वाटला. जेवणारे भाजीचे कौतुक करत. पाट्याचे कुणी केले नाही. घासून गुळगुळीत झालो, तेव्हा १९६८ साली मला परसात टाकले.

माझे मालक पितांबरनाना मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. मोजायला आता परसातली वांगीच उरली. त्यांनी लाकडी फळीवर बागेतल्या वाटेचा नकाशा काढला. वर उत्तर दिशेचा बाण. बाग अकरा पावलांची होती. तिच्यात आजवर कुणी हरवले नव्हते, तरी बाण होता.

चंपाषष्ठीला भरीत खायला अमळनेरचे बावीस सोयरे येणार होते. तोवर वांगी जगवायला नानांची थोरली बहीण, भिकुबाईअक्का, डोक्यावरून घागरी आणी. ओली काळी माती तिच्या पायाला भाकरीएवढी चिकटे, म्हणून वाट हवी होती. सगळे म्हणाले, मुरूम टाका. नानांनी वाटेच्या मधोमध मलाच गुळगुळीत बाजू वर करून पुरले. दिसायला बरे, म्हणे.

तिसऱ्या दिवशी अक्का माझ्यावरून घसरली. घागर फुटली, वांग्याची दोन झाडे मोडली. नानांनी टेप आणून मला मोजले आणि वाट बरोबर असून अक्काचे पाऊल चुकल्याचा निकाल दिला.

अक्का लुगडे पिळत म्हणाली, "पितांबर, तुन्ही वाट फळीवर शे. घागर मन्हा डोकावर शे."

मग पाऊल कसे टाकावे हे दाखवायला नाना स्वतः घागर घेऊन निघाले. ते वांग्यांत बसले. आणखी पाच झाडे गेली. ही बैठक नकाशात नव्हती.

अक्काने गल्लीतून जाणाऱ्या चिंधा टाकीवाल्याला हाक मारली. त्याने छिन्नी-हातोडीने टोचे मारून वाटेतच मला टाकी लावली, पुन्हा खरखरीत केले. वाटेला टाकी लावतात हे बघायला अर्धी गल्ली आली आणि नानांना बघून गेली. त्यानंतर कुणी घसरले नाही. वांगी तरली.

चंपाषष्ठीच्या सकाळी अक्काने माझ्यावर हात फिरवला, मला उपटले, धुतले आणि स्वयंपाकघरात नेले. बावीस माणसांची मिरची मी वाटली. कौतुक भरिताचे झाले.

माझ्या खड्ड्यावर अक्काने नकाशाची फळी टाकली. सोयरे तिच्यावर पाय देऊन हात धुवायला गेले. बाण उत्तर दाखवत होता. परत येताना सगळे दक्षिणेला, ताटांकडे वळले.

मित्रांनो, वाट करण्याआधी डोक्यावर घागर घेऊन एकदा चालून पाहा. पाट्याला वर्षातून एकदा टाकी लावा. एवढेही जमत नसेल, तर नकाशा काढा.