व्हर्नाने ऐकलेलं स्टेटमेंट

मार्च महिन्यात दर शनिवारी आमच्या गावच्या लायब्ररीच्या तळघरात टॅक्सचा फॉर्म फुकट भरून मिळतो. भरून देणारे आम्ही चार निवृत्त लोक. मी तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत हजेरी लिहिली, आकड्यांना भीत नाही, एवढीच माझी पात्रता.

त्या शनिवारी आर्व्हो लेहटिनेन आला. वय सदुसष्ट. उभा जन्म लाकडाच्या सॉ मिलमध्ये गेला. मिल बंद पडल्यावर आता काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवतो. कागदांची पिशवी माझ्यापुढे टाकून म्हणाला, "घे वेंडेल. यंदा काही कठीण नाही."

पगार भरला. मग त्याच्या निवृत्ती खात्याचं बँकेचं स्टेटमेंट घेतलं, शेवटच्या ओळीतला वर्षभराचा जमा आकडा टाकला: पन्नास हजार ऐंशी डॉलर. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. वर्षाला आठ हजारांची मर्यादा, तुम्ही बेचाळीस हजार जास्त टाकलेत, दंड अडीच हजारांवर. जास्तीचे पैसे काढेपर्यंत दरवर्षी तोच दंड.

"माझेच पैसे, माझ्याच म्हातारपणासाठी ठेवले, आणि वर दंड?"

"तसं म्हणतोय तो."

"तो कोण?"

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. तीनदा पान वाचून आकडा पुन्हा टाकला, तीनदा तेच. शेवटी म्हणालो, "चल, व्हर्नाला विचारू."

व्हर्ना कोस्केला यंदाच आमच्यात आली होती. एकाहत्तर वर्षांची, जन्मापासून आंधळी. आधी हॉस्पिटलचा टेलिफोन बोर्ड सांभाळायची. बॉयलरजवळच्या टेबलाशी बसून ती काम कसं करते, हे मी कधी जवळून पाहिलं नव्हतं.

आर्व्हो माझ्या कानाशी पुटपुटला, "अरे, त्यांना दिसत नाही."

"ऐकू मात्र येतं," व्हर्ना तिकडून म्हणाली. "या, बसा."

तिच्या कॉम्प्युटरची स्क्रीन बंदच होती. मी कागद स्कॅन करून दिले. तिने हेडफोनची एक बाजू कानाला लावली, दुसरी तशीच मोकळी लोंबत राहिली. कॉम्प्युटर तिला पान वाचून दाखवू लागला, आणि त्यातून किरर्र असा आवाज सुरू झाला, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा.

"हे बोलणं आहे?" मी विचारलं.

"मग काय! याहून हळू बोललं की मला झोप येते."

आवाज थांबला. "जूनमध्ये एक्केचाळीस हजार तीनशे ऐंशी आलेत. हे मिलच्या जुन्या खात्यातले का हो?"

"हो. ते बंद केलं. पैसे माझ्या हातात आलेच नाहीत, थेट बँकेत गेले."

"मग हे नवे पैसे कुठले? या खिशातले त्या खिशात. वेंडेल, तू सगळं एकाच रकान्यात कोंबलंस. त्या जुन्या खात्याचा कागद बघ पिशवीत. सातव्या रकान्यात अक्षर कोणतं?"

टायरच्या बिलाला चिकटलेला तो कागद मी सोडवला. "जी."

"पैसे थेट खात्यातून खात्यात गेल्याचीच खूण ती."

माझे कान तापले. तिने रक्कम योग्य जागी नेली आणि दंड झरकन खाली आला. पण चूक पुरती गेली नाही. त्याने स्वतः टाकलेले दरमहा सातशे पंचवीस, बारा महिन्यांचे आठ हजार सातशे. अजून सातशे जास्तच होते.

"पंधरा एप्रिलची मुदत आहे, त्याच्या आत जास्तीचे काढून द्यायला बँकेला सांगू," मी म्हणालो.

व्हर्नाने हात वर केला. बँकेच्या स्टेटमेंटचं पान पुन्हा लावलं. मला वाटलं, आता वेग कमी करील. तिने वाढवला. मान किंचित कललेली, बोटं स्थिर. त्या किरकिरीत मला एक अक्षर लागत नव्हतं.

"जानेवारीच्या रकमेनंतर दोन शब्द जास्त आहेत," ती म्हणाली. "'मागील वर्षासाठी.'"

मी भिंग घेतलं. ओळीच्या टोकाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ते दोन शब्द होते. तेच पान मी तीन वेळा डोळ्यांनी वाचलं होतं.

आर्व्होने कपाळावर हात मारला. "खरंच की! खातं उघडलं तेव्हा बँकेतल्या मुलीने विचारलं होतं, हे गेल्या वर्षात धरू का? मी म्हटलं, धर बाई."

"त्या आदल्या वर्षात आणखी काही टाकलं होतं?"

"छे, खातंच नव्हतं."

"एप्रिलच्या मुदतीपर्यंत टाकलेलं आदल्या वर्षात धरता येतं. म्हणजे या स्टेटमेंटच्या वर्षाचे अकराच हप्ते. सात हजार नऊशे पंच्याहत्तर. मर्यादेत बसले." तिने आकडा भरला, आणि आमच्यासाठी वाचनाचा वेग इतका कमी केला की मलाही कळलं. चुका शून्य. दंड शून्य.

आर्व्हो उठला नाही. "मला एकदा ऐकू द्या," तो म्हणाला. तिने तिच्या नेहमीच्या वेगाने पान लावलं. हेडफोन कानाशी धरून तो डोळे मिटून बसला. चेहऱ्यावरची सगळी घाई गेली.

"मोठ्या करवतीवर मी बावीस वर्षं होतो," तो सावकाश म्हणाला. "ओंडक्यात जुना खिळा असला आणि पातं त्याच्या जवळ आलं, की आवाज केसभर बदलायचा. मी यंत्र थांबवायचो. लोक म्हणायचे, बाता मारतो."

"बाता कसल्या?" व्हर्ना म्हणाली. "तसंच असतं ते."

त्याने सही केली, कागद पिशवीत भरले. मग पिशवी खाली ठेवली आणि भिंतीकडची खुर्ची ओढून बसला. व्हर्नाने पुढच्या बाईंना हाक मारली. चार वाजता आम्ही आवरायला घेतलं तेव्हाही तो तिथेच होता, टोपी गुडघ्यावर ठेवून ती किरकिर ऐकत.