मार्गातला

हिरामण तांडेलाने थळच्या किनाऱ्यावर हा शब्द आणला, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की गड्याची दारू सुटली. "आमचे हे मार्गात गेले," असं त्याची बायको सखुबाई सांगायची, आणि सांगताना तिला हायसं वाटायचं. मार्ग नावाच्या त्या पंथात मासळी खाणंही वर्ज्य. पाण्यात राहून माशाशी वैर, म्हणत लोक हसले. नव्याचे नऊ दिवस होतील, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

तसं झालं नाही. चार वर्षांत निम्म्या बोटींवर मार्गाचे पांढरे झेंडे चढले. उरलेले ते 'बाहेरचे'. आधी त्यांच्या घरचं पाणी पिणं बंद झालं, मग लग्नाची बोलावणी. हिरामणचा मुलगा दिपेश तेवढा बधला नाही. "बाबा, मला बोंबील सुटायचा न्हाय," म्हणाला आणि वेगळी बोट घेऊन वेगळा राहिला. हिरामणने त्याच्याशी बोलणं टाकलं. आतून त्याचा जीव तुटायचा, पण मार्गातल्या माणसाने तसं दाखवायचं नसतं.

गेल्या दिवाळीत काळूरामची बोट खांदेरी बेटाजवळ बंद पडली. हाक आली की जवळच्याने दोर टाकायचा, ही दर्याची रीत बापजाद्यांची. हिरामणची बोट सगळ्यांत जवळ होती. त्याने वायरलेस उचलला आणि विचारलं, "मार्गातला हाय का?"

"न्हाय," काळूराम म्हणाला.

"मग भरती लागू दे, बघू."

भरती लागायच्या आतच बोट खडकावर फुटली. काळूराम पोहत आला, त्याचा खलाशी सापडलाच नाही. बाहेरचाच होता, असं म्हणून लोक जेवायला बसले. हिरामणही बसला.

आज दुपारी वारा फिरला. हिरामणची बोट डागडुजीसाठी वर ओढलेली, तो बंदरावरच्या वायरलेसपाशी बसला होता. दिपेशचा आवाज आला, "मशीन बंद पडलीय. खांदेरीच्या खडकाकडं चाललोय. कोण हाय जवळ?"

जवळ कमलेश होता, पांढऱ्या झेंड्याचा, हिरामणच्याच हाताखाली शिकलेला. त्याने शांतपणे विचारलं, "मार्गातला हाय का?"

हिरामणने वायरलेस ओढून घेतला. त्याने बटण दाबलं. "कमलेश, माझा पोर हाय तो. दोर टाक."

"व्हय तांडेल," कमलेश अदबीने म्हणाला. "भरती लागू दे, बघू."

भरती लागायला अजून तीन तास होते.