नॉर्वेला गेलेला हनुमान

"फोडून बघ, मग पिशवीत टाक." धारूरच्या बाजारात सीताफळं विकताना चाँदभाई गिऱ्हाइकाला असं सांगायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. पण राधाकिशनकाकांच्या अंगणातली गर्दी पाहिली आणि चाँदभाईंच्या लेकीच्या, शाहीनच्या, कानात तोच मऊ आवाज उमटला.

काकांना पोरगं पोलीस झालेलं बघायचं होतं. त्यावरून भांडण झालं अन् हनुमान घर सोडून गेला. पत्ता नाही, फोन बंद. मात्र आईच्या मोबाईलवरचं ईमेलचं खातं त्याचंच, दोघांत एक. त्यावर सूचना झळकली: खातं नॉर्वेहून उघडलं गेलं. दुसऱ्या दिवशी रोमानियाहून.

अंगणात पाटावर बसलेल्या लहरीनाथ महाराजांनी लगेच उलगडा केला. "म्याच नेलाय वायुमार्गानं. तिकीट न्हाई, व्हिसा न्हाई, सामानाचं वजन न्हाई."

काका भर उन्हात लोकरीची कानटोपी शोधत बाजारभर हिंडले. शेजारच्या सटवानं नॉर्वेत कापूस कसा पिकतो ते विचारलं. तिकडं तो आभाळातूनच पडतो, महाराज म्हणाले.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण लेकरू परत उतरवायचं तर आईनं अन्न आणि औषध सोडायचं, अशी आज्ञा झाली होती. हनुमानच्या आईला, वच्छलामावशींना, साखरेचा आजार. खांबाला टेकून बसलेल्या मावशींचे ओठ सुकले होते, मोबाईल पदरात धरलेला.

शाहीन शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं वाद घातला नाही. महाराजांचा मोबाईल मागितला, त्यात एक ॲप टाकलं, ठिकाण दाखवणारं पान उघडलं आणि पडदा गर्दीकडं धरला.

"महाराज, तुमी तर जर्मनीत हाय. मग पाटावर कोण बसलंय?"

महाराजांनी खाली वाकून स्वतःला पाहिलं. स्थूल देह इथं अन् सूक्ष्म देह तिथं, असं काहीतरी पुटपुटले.

सटवानं विचारलं, "मग आत्ता दोन कप च्या कुण्या देहानं पिला?"

हशा ओसरेपर्यंत शाहीननं एक वाळली मिरची तीन फडक्यांत, एकावर एक गुंडाळली. गर्दीतल्या छबुबाईनं वरचं फडकं सोडून पुडी साखराबाईला दिली. साखराबाईनं दुसरं सोडून सटवाला. सटवानं तिसरं सोडून मिरची काकांच्या हातावर ठेवली.

"काका, मिरची कुणाकडून आली?"

"सटवाकडून."

"हेच हाय ते. या ॲपमधून निघालेला निरोप असाच तीन अनोळखी यंत्रांच्या हातून जातो. एकेकाला फक्त आपल्या मागचा अन् पुढचा ठावा. हनुमानबी असलंच ॲप वापरत असंल. शेवटचं यंत्र नॉर्वेत, म्हणून नाव नॉर्वेचं. हनुमान कुठंबी असंल. आपला ठावठिकाणा झाकून ठेवणं पाप न्हाई, पण त्यावर देवपण मिरवणं लबाडी हाय. कारण कळलं न्हाई तर विचारा. अन् औषध डॉक्टरशिवाय कुणाच्याबी सांगण्यानं सोडू नका."

महाराज वायुमार्ग सोडून मागच्या दारानं निघाले.

सकाळी शाहीननं त्याच खात्यावर एवढंच लिहिलं होतं: आईनं गोळ्या सोडल्यात. आता मावशींच्या पदरातला मोबाईल वाजला. त्यांनी तो कानाला लावला. काका जवळ सरकले. पलीकडून हनुमान बोलला.

"आई, आधी गोळी घे, जेव. मी हितंच, घाटनांदूरला हाय. बाबांना सांग, पोलीस भरतीसाठी मी एक दिवसबी पळालो न्हाई. मला बायांचे ब्लाऊज शिवायचेत, अन् आता बाही चांगली बसायलीय."