दाराबाहेरची पुष्पाक्का

असोदा गावात कुणाला नुसती शिंक आली, तरी विचारपूस करायला पुष्पाक्का हजर. मग तिच्याच माडीवर भाड्याने राहणारी, टांझानियाहून जळगावच्या विद्यापीठात शिकायला आलेली नीमा आजारी पडल्यावर अक्का गप्प बसेल होय? शक्यच नाही!

नीमाची झोप उडाली होती. छातीत धडधडायचं, वर्गात बसवायचं नाही. विद्यापीठाच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो चोख निघाला. "हृदय ठणठणीत आहे. समुपदेशक मॅडमना भेट, मन मोकळं कर," डॉक्टर म्हणाले.

"एकटी कशी जाशीन वं बाई? दुखणेकऱ्याले एकटं धाडतात का कधी?" म्हणत पुष्पाक्का निघाली. सोबत सून मोहिनी, शेजारची दीपमाला आणि डब्यात मुगाची खिचडी. आपल्याकडे रीतच तशी. माणूस दवाखान्यात एकटं गेलं, तर गाव घरच्यांना नावं ठेवतं.

समुपदेशक हेमांगी मॅडम मूळच्या धुळ्याच्या. त्यांनी नीमाला मायेने विचारलं, "काय होतंय तुला?"

"जेवत नही," पुष्पाक्का म्हणाली.

"सारखी रडते," मोहिनीने भर घातली.

"दृष्टच लागली असन," दीपमालाने निकाल दिला.

मॅडमनी तिघींना बाहेर बसायची विनंती केली, पण अक्का खुर्चीला चिकटलेली. "आमच्यासमोर काय लाजायचं? घरचीच पोर हाये!" नीमा मान खाली घालून बसली ती बसलीच.

दुसऱ्या दिवशी माडीवर तिची बॅग भरलेली. "मावशी, मी घरी परत जाते. शिक्षण बस," ती इथे शिकलेल्या मराठीत म्हणाली.

अक्काने बॅग धरून ठेवली. "आम्ही काय कमी केलं वं तुले?"

"तिथे मला बोलायचं होतं. तुम्ही सगळ्या बोललात."

हे अक्काला चांगलंच झोंबलं. करायला गेलं भलं आणि हे काय, असं अगदी ओठावर आलं. पण पोरीचे सुजलेले डोळे पाहून तिने ते गिळलं. "एक डाव चाल," ती म्हणाली. "या खेपेला माझं तोंड दाराबाहेर."

आणि खरंच, मॅडमच्या दारात स्टूल आडवं टाकून अक्का बसली. मोहिनीचा फोन आला, "काय म्हणते ती?" अक्काने फोनच बंद केला. नवरा जीवराम केळ्यांची फणी घेऊन आला, म्हणाला, "आत देऊन येतो." "पाय टाकून त पाहा!" अक्का कडाडली. बिचारा फणी तिच्या मांडीवर ठेवून परतला.

मग आतून हुंदका आला. पाठोपाठ नीमा मोठ्याने रडू लागली. अक्काचा हात कडीवर गेला. जन्मात कुणाचं रडणं ऐकून ती बाहेर थांबली नव्हती. पण तिने हात मागे ओढला, पदरात गच्च गुंडाळला आणि तिथेच बसून स्वतःही रडून घेतलं.

दार उघडलं. नीमाचे डोळे लाल होते, पण मान वर होती.

"मावशी, भूक लागली."

अक्काने तिथल्या तिथे केळं सोलून दिलं.

नीमा मॅडमकडे जात राहिली, अक्का स्टुलावर बसत राहिली. माडीवरची बॅग रिकामी झाली, पोरीला झोप येऊ लागली. परीक्षेत ती पहिल्या वर्गात पास झाली, तेव्हा अक्काने गल्लीभर पेढे वाटले. पेढा तोंडात टाकत दीपमालाने तिला कोपऱ्यात गाठलंच.

"पण अक्का, पोरीच्या मनात होतं तरी काय?"

"मले काय माहीत?" पुष्पाक्का छाती पुढे काढून म्हणाली. "मी त बाहेर होती!"